आजीच्या गोष्टीचा माग

माझं माहेरचं आडनाव चव्हाण आणि जमात फासेपारधी. आडनाव ऐकून मोकळेपणाने बोलणारी माणसं जमात कळली की हात आखडता घेतात, हे मी लहानपणापासून पाहत आले. वर्गात कुणाची पेन्सिल हरवली की आधी माझं दप्तर उघडलं जायचं. रडत घरी आले की आजी मला जवळ घेऊन एकच गोष्ट सांगायची. ‘आपण पावागडच्या राजाचं. नवरात्रात देवी बाईच्या रूपात गरबा खेळाय आली, राजानं तिचा पदर धरला. देवीनं शाप दिला, गड पडला. तवापासनं आपण रानात.’

पावागड गुजरातमध्ये, आणि आजी पंढरपूरच्या पलीकडे कधी गेली नव्हती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. मग ही गोष्ट तिच्याकडे आली कुठून, हा प्रश्न डोक्यात होता, पण नोकरी आणि संसारात मागे पडला होता. भावाच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला, तिच्या जात पडताळणीचे कागद गोळा करायची वेळ आली, आणि तो पुन्हा वर आला. जमातीचा पुरावा 1950च्या आधीचा हवा होता. म्हटलं, मागे जायचंच आहे तर जमेल तितकं मागे जाऊ.

सुरुवातीला मीही सगळे करतात तीच चूक केली. पृथ्वीराज चौहानापासून खाली यायला लागले. चव्हाण मराठ्यांत आहेत, बंजाऱ्यांत आहेत, आमच्यात आहेत. पवार, शिंदे, भोसले यांचंही तेच. आडनावावरून कुळ सिद्ध होत नाही, हे समजायला माझे चार महिने गेले. मग उलटं सुरू केलं: आधी मी, मग वडील, मग आजोबा, प्रत्येक पायरीला एक कागद.

वडिलांचा शाळेचा दाखला सहज मिळाला. आजोबांपाशी गाडी अडली. गावच्या कोतवाल बुकात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात, पण त्या गावात राहणाऱ्यांच्या. आमची माणसं आज या माळावर, उद्या त्या. पुण्याच्या पुराभिलेखागारातही जाऊन आले. पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल आहेत तिथे, पण ज्यांच्याकडे वतन नाही, इनाम नाही, त्यांच्यासाठी कागद कोण लिहिणार?

आमच्यासाठी कागद लिहिला तो पोलिसांनी. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, 1911 साली तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. जन्मलेलं मूलही गुन्हेगार. सोलापूरला तारेच्या कुंपणाची सेटलमेंट, म्हणजे या जमातींना डांबून ठेवायची वसाहत, होती. आजी सांगायची, रात्री घंटा झाली की अंगावरचं पोर घेऊन हजेरीला उभं राहायचं. 31 ऑगस्ट 1952ला देशभरातून तो कायदा गेला, पण त्याने मारलेला शिक्का अजून आमच्या अंगावर आहे.

एका जुन्या दप्तरखान्यात, खूप हेलपाटे घातल्यावर, मला 1943 सालची हजेरीची वही पाहायला मिळाली. पानं मोडीत. एका निवृत्त गुरुजींनी शेजारी बसून वाचून दिली. पणजोबांचं नाव, पुढे ‘वल्द’, म्हणजे ‘चा मुलगा’, आणि खापरपणजोबांचं नाव. जात फासेपारधी. खाली ‘निशाणी डाव्या हाताचा आंगठा’ आणि निळ्या शाईचा ठसा. ठशाच्या मधोमध एक आडवी पांढरी रेघ होती, कापल्याच्या जुन्या व्रणाची. फास विणताना दोरीने बोट कापतं, वडिलांच्या आंगठ्यावरही तशीच रेघ आहे. मी त्या ठशावर माझा आंगठा ठेवला. गुरुजी काही बोलले नाहीत. पुढच्या ओळीत घरातली माणसं मोजली होती: मुलगा 1, सून 1. ती सून म्हणजे माझी आजी. तिचं नाव नव्हतं.

ज्या वहीने आम्हाला चोर ठरवलं, तीच भाचीचा सगळ्यात पक्का पुरावा ठरली. मला त्या गोष्टीचा आनंद झाला नाही, पण मी तिची प्रमाणित नक्कल घेतली.

याच काळात एका ओळखीच्या माणसाने बजावलं, ‘मॅडम, ते राजाबिजाचं कुठे बोलू नका. रजपूत म्हणालात तर पडताळणीत अडकाल.’ चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांनी कुलदैवत विचारलं, रीतिरिवाज विचारले, बोली बोलून दाखवायला सांगितली. वडिलांनी लाल फडक्यात बांधलेला देवीचा चांदीचा टाक दाखवला आणि आजीची गोष्ट जशीच्या तशी सांगितली, राजासकट. मी घाबरले होते. अधिकाऱ्यांनी ती लिहून घेतली. भाचीला वैधता प्रमाणपत्र मिळालं.

मग दिवाळीच्या सुट्टीत वडिलांना घेऊन पावागडला गेले. गडाच्या पायथ्याशी चांपानेर. तिथे खीची चौहानांचं राज्य होतं. गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याने सुमारे वीस महिने वेढा घातला आणि 1484 साली गड घेतला. तिथला शेवटचा राजा, ज्याला लोक पतई रावळ म्हणतात, मारला गेला. त्याच्या वंशजांनी पुढे छोटा उदेपूर आणि देवगड बारिया इथे गाद्या स्थापन केल्या. आणि देवीचा पदर धरल्याची, शापाची गोष्ट? ती तिथे सगळ्यांना पाठ आहे. प्रसादाच्या दुकानातल्या बाईने ती सांगायला सुरुवात केली आणि वडिलांनी शेवट सांगितला.

त्या भागात वंशावळ्या सांभाळणारे वहीवंचा बारोट आहेत. पिढ्यान्‌पिढ्या यजमानांच्या घरी जायचं, नवी नावं वहीत चढवायची, दक्षिणा घ्यायची, हा त्यांचा व्यवसाय. ओळख काढत आम्ही एका वयस्कर बारोटांकडे पोचलो. मी हिंदीत बोलत होते. वडील न राहवून आमच्या बोलीत काहीतरी बोलले, आणि बारोट ताठ बसले. ‘आ तो अमारी ज बोली छे!’ पुढचा तासभर दोघे बोलत राहिले. आमची बोली गुजरातीच्या घरातली आहे, हे इंग्रजांच्या काळात ग्रियर्सनने केलेल्या भाषा सर्वेक्षणापासून लिहिलेलं आहे. पण आयुष्यभर पोलीस आला की गप्प होणारी ती बोली माझे वडील परक्या घराच्या ओसरीवर मोठ्याने बोलत होते, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

लांबट, कापडात गुंडाळलेली वही त्यांनी उलगडली. खापरपणजोबांचं नाव त्यात नव्हतं. असणारही नव्हतं. 1484 ते त्यांचा काळ यात चारशे वर्षं, म्हणजे पंधरा-सोळा पिढ्या, आणि आमच्या हातात फक्त पाच. आजीच्या गोष्टीवरून, देवीवरून आणि बोलीवरून आमची माणसं त्या मुलखातून आली असणार, असं मला वाटतं. राजाच्या रक्ताची होती, हे त्यातून निघत नाही. पावागडची देवी कालिका राजाचीही होती आणि गडाखालच्या रानात फास लावणाऱ्यांचीही. पारध्यांनी धरलेले चित्ते राजेरजवाड्यांच्या शिकारीला जात. दरबार आणि रान यांच्यात असं येणं-जाणं होतं. राजघराण्याशी आमच्या लोकांचं कागदावर दिसणारं नातं मला सापडलं ते कोल्हापूरचं. शाहू महाराजांनी 1918 साली आपल्या संस्थानात हजेरीची पद्धत बंद केली आणि फासेपारध्यांना नोकरीत घेतलं. ते रक्ताचं नाही, पण मला ते फार मोलाचं वाटतं.

बारोट म्हणाले, ‘बेन, एका शाखेचा माणूस दक्षिणेत गेला एवढंच लिहिलंय. त्याच्याखाली तुमची नावं चढवून देतो. कोण विचारतंय?’

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना हवं होतं ते, मला दिसत होतं. सत्तर वर्षं ऐकून घेतलेल्या माणसाला ते का नको असेल? पण उद्या भाचीने विचारलं तर मी काय सांगणार होते? मी नाही म्हटलं. वडील थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, ‘बराबर. नसलेलं घ्यायचं नाय.’

मी बारोटांना विनंती केली, वेगळ्या पानावर आमच्या पाचच पिढ्या लिहा, वर ‘फासेपारधी चव्हाण, देवी कालिका’ आणि खाली ‘जोड सापडली नाही’. त्यांनी चष्मा पुसला, लेखणी घेतली आणि एकेक नाव लिहून घेतलं. तोवर सुनांची नावं त्यांनी लिहिली नव्हती. आजोबांचं नाव झाल्यावर मी त्यांना थांबवलं आणि आजीचं सांगितलं. त्यांनी विचारलं, कसं लिहू? वडिलांनी ते आमच्या बोलीत, तिला सगळे हाक मारायचे तसं, दोनदा म्हणून दाखवलं.