वरण चालतं, मग सांबारवडी का नाही?

नागपूरच्या धरमपेठेत राहणाऱ्या काकूंच्या पाककृतींची वेबसाइट मी करून देतोय. पानांचे पत्ते मराठीतच हवेत हा माझा हट्ट: /पाककृती/वरण, /पाककृती/सांबारवडी. काकू पाककृतीचं नाव टाकतात, जावास्क्रिप्टमधला रेजेक्स, म्हणजे मजकूर ठरलेल्या साच्यात बसतो का ते पाहणारा नियम, ते तपासतो आणि त्याचा पत्ता बनतो.

पहिल्याच दिवशी फोन आला. "काहून रे बाबू, वरण घेतलं यानं, सांबारवडी काहून घेऊन नाही राहिलं?"

रेजेक्समध्ये इंग्रजी ए ते झेडच्या जागी मी 'कुठल्याही लिपीतलं अक्षर' हा युनिकोडचा, म्हणजे जगभरच्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणाचा, एल वर्ग टाकला होता; तो चालावा म्हणून लागणाऱ्या यू फ्लॅगसकट. मग अडतंय कुठे? तासभर डोकं खाजवल्यावर कळलं. काना, वेलांटी, अनुस्वार युनिकोडच्या लेखी अक्षरंच नाहीत, त्यांचा 'चिन्हं' हा वेगळा एम वर्ग आहे. 'वरण'मध्ये एकही मात्रा नाही, म्हणून ते सुटलं. आपली निम्मी भाषा बाहेर ठेवणारा नियम मीच लिहिला होता, याचं फार वाईट वाटलं. एल वर्गाशेजारी एम वर्ग जोडला आणि सांबारवडी आत आली.

ब्राउझरकडून येणाऱ्या पत्त्याची तऱ्हा वेगळी. तिथे देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो वा मात्रा, तीन बाइटचं आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांचा होतो. 'सांबारवडी'ची नऊ चिन्हं म्हणजे 81 अक्षरं! त्यामुळे आधी तिरप्या रेघेवर (/) तुकडे पाडायचे, मग एकेक तुकडा उलगडायचा आणि मगच तपासायचा. आधीच सगळं उलगडलं, तर तुकड्यात दडलेली रेघ खरी रेघ होऊन बसते. रेजेक्सच्या दोन्ही टोकांना ^ (सुरुवात) आणि $ (शेवट) या खुणा हव्यातच, नाहीतर मधला एखादा भाग जुळला तरी अख्खा पत्ता पास होतो.

एवढं करूनही 'वऱ्हाडी ठेचा' अडला. माझ्या लॅपटॉपवरून टाकलेला चालायचा, काकूंच्या फोनवरून नाही, आणि दिसायला दोन्ही अगदी सारखे. एकेक चिन्ह सुटं करून पाहिलं. माझ्याकडे नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. काकूंकडे साधा र, हलन्त आणि अक्षरं जोडणारा पण न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर, जो एल आणि एम या दोन्ही वर्गांत नाही. तो काढून टाकावा तर रफार होतो, वऱ्हाडाचं 'वर्हाड' होतं. ते मला मान्य नव्हतं. म्हणून तपासणीच्या आधीच र, हलन्त आणि जॉइनर ही तिकडी ओळखून तिथे नुक्त्याचा ऱ आणि हलन्त ठेवतो. आता दोन्हीकडून टाकलेलं नाव एकाच पानावर जातं.

रात्री काकूंना फोन करून पुन्हा टाकायला सांगितलं. "घेतलं रे!" म्हणाल्या, आणि लगेच पाटोडीचं साहित्य सांगायला लागल्या.