आमच्या गावात रोलर डर्बी!!
रोलर डर्बी म्हणजे चाकांचे स्केट्स घालून ट्रॅकवर गोल फिरत खेळायचा धक्काबुक्कीचा टीम गेम, आज आमच्या लीगची पहिली प्रॅक्टिस झाली आणि मी अजून घामाने भिजलेलीच आहे पण आत्ताच लिहायचंय. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या जवळ राहतो आम्ही, आणि आत्ताची जी रोलर डर्बी आहे ना, सपाट ट्रॅकवरची, बायकांनी स्वतः चालवलेली, ती 2000 नंतर ऑस्टिनमध्येच उभी राहिली, मग आमच्या गावात का नको असं कधीपासून वाटत होतं.

दुपारी जमिनीवर दोरी अंथरली, वरून टेप लावली, झाला ट्रॅक! तिरक्या लाकडी ट्रॅकचा खर्च नाही म्हणूनच तर हा खेळ इतक्या गावांत पोचला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एका टीमच्या पाच जणी ट्रॅकवर, चार ब्लॉकर म्हणजे वाट अडवणाऱ्या, आणि एक जॅमर जिच्या हेल्मेटवर स्टार असतो. जॅमरने एकदा ब्लॉकरच्या गर्दीतून बाहेर पडायचं, मग पुढच्या फेरीपासून समोरच्या टीमच्या जितक्या जणींना मागे टाकेल तितके पॉइंट, आणि हे सगळं जास्तीत जास्त दोन मिनिटांत. आपल्या कबड्डीतल्या रेडरसारखंच काळीज लागतं!

आज मात्र धक्काबुक्की नाही, फक्त पडायला शिकलो. गुडघ्यावर पडायचं, हात पसरायचे नाहीत, बोटं मुठीत, नाहीतर मागून येणारीची चाकं बोटांवरून जातात. एक आजी आल्या होत्या, नातीला सोडायला म्हणून, आणि त्या स्वतःच पॅड घालून उतरल्या, काय सुंदर स्केटिंग करतात त्या!!

आता इन्शुरन्स आणि हॉलचं भाडं बघायचंय. जवळपास कोणी असाल तर या, स्केट्स घालायचे नसतील तरी चालेल, स्कोअर लिहायला पण माणसं लागतात.