वीतभर पेट्रोल पाइपसाठी घाट रोड पालथा घातला: जुन्या मारुती 800 चा अनुभव

आमच्याकडे 2003 ची मारुती 800 आहे, एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनने इंजिनाला पेट्रोल देणारी. पंधरा वर्षं झाल्यापासून आरसीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून घेतो, इंजिन आजही खणखणीत आहे. मे महिन्यात मात्र गाडीत बसलं की पेट्रोलचा वास यायला लागला. नागपुरात पारा 45 च्या वर आणि गाडीखालचा डांबरी रस्ता त्याहून तापलेला. अशा वेळी हा वास एक दिवससुद्धा अंगावर काढू नका. गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, मेकॅनिकलाच घरी बोलवा.

मानेवाड्यातला आमचा मेकॅनिक आला, टॉर्च घेऊन गाडीखाली शिरला. इंजिन बंद असताना सगळं कोरडं. मग त्याने मला फक्त किल्ली ऑन करायला सांगितली, सेल्फ मारायचा नाही. टाकीतला पंप दोन-तीन सेकंद घुरघुरला आणि फिल्टरजवळच्या रबरी पाइपवर, क्लिपच्या अगदी कडेला, एक थेंब हळूहळू फुगून आला. पाइप बोटांनी वाकवला तर वरून बारीक भेगांची जाळी. लोखंडी पाइप शाबूत होता. तो गंजला असता तर काम बरंच वाढलं असतं. चिखल धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पखाली तो आधी सडतो, तेव्हा तिथे बघून घ्याच.

म्हणजे बदलायचा होता वीतभर रबरी पाइप. मेकॅनिकने मापाचा तुकडा कापून हातात दिला आणि बजावलं, “ताई, इंजेक्शनचा पाइप आणा. वरती आर9 छापलेलं पाहिजे. दुसरा आणला तर मी लावत नाही.”

इथून पुढे जे झालं त्याचा राग अजून गेलेला नाही.

आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. सुटा पाइप नाही, अख्खी असेंब्ली ऑर्डर करावी लागेल, कधी येईल ते सांगता येत नाही. आगाऊ पैसे मात्र लगेच भरायचे. मग घाट रोडवरची स्पेअर पार्टची दुकानं. एका काउंटरवर मी तुकडा ठेवला, त्याने न बघताच काळा पाइप काढून समोर टाकला. वर काहीच छापलेलं नाही. “पेट्रोलचाच आहे ना जी, सगळे हाच नेऊन राहिले.” दुसऱ्याकडे आर7 निघाला, म्हणजे आर9 पेक्षा कमी दाबाचा पाइप. तिसरा तर प्लॅस्टिकचा पारदर्शक पाइप द्यायला निघाला, आतलं पेट्रोल दिसते म्हणे. मी इंजेक्शनची गाडी आहे म्हटलं की उत्तर ठरलेलं: “काही होत नाही ताई, चालते.”

चालत नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचा दाब जेमतेम पाव बारच्या आसपास असतो, तिथे आर7 पुरतो. एमपीएफआयमध्ये तोच दाब अडीच-तीन बार असतो, टायरमधल्या हवेपेक्षा जास्त. एवढ्या दाबाखाली पाइप फाटला तर पेट्रोल ठिबकत नाही, फवारा उडतो, आणि तोही बॉनेटखाली तापलेल्या इंजिनवर उडू शकतो. माझी मुलगी याच गाडीने कॉलेजला जाते. काउंटरवरच्या माणसाला “चालते” म्हणायला काय जातं?

शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. ई20 साठी योग्य साहित्य वापरलेल्या गाड्या एप्रिल 2023 पासून आल्या, आमची त्याच्या वीस वर्षं आधीची. जुन्या काही गाड्यांमध्ये रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, असं पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट 2025 च्या खुलाशात स्वतःच म्हटलंय. आर9 ला आतून फ्लोरोइलास्टोमर या खास रबराचं अस्तर असतं, ते इथेनॉलला साध्या रबरापेक्षा कितीतरी चांगलं तोंड देतं. हे मी प्रत्येक काउंटरवर सांगत होते आणि प्रत्येक जण माझ्या मागच्या गिऱ्हाइकाकडे बघत होता.

शेवटी एका अरुंद दुकानातल्या म्हाताऱ्या काकांनी तुकडा हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, “800, एमपीएफआय ना?” आतून रोल आणला. पांढऱ्या अक्षरांत स्वच्छ छापलेलं: एसएई जे30 आर9, म्हणजे मेकॅनिकने सांगितलेलाच. मला तिथेच हायसं वाटलं. मी थोडा जास्तच कापून घेतला, कारण उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारा रिटर्नचा पाइपही त्याच वयाचा होता. रिटर्नचं माप वेगळं असू शकतं, तेव्हा दोन्ही तुकडे सोबत न्या. क्लिपही त्यांनीच बदलून दिल्या. साध्या जुबिली क्लिपच्या खाचा रबरात रुततात, इंजेक्शनच्या क्लिपची कडा गोल वळवलेली असते. आमचा जुना पाइप नेमका क्लिपच्या कडेलाच चिरला होता.

बसवायला तासभरही लागला नाही. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. काम सावलीत पण उघड्यावर करा, बंद शेडमध्ये नको. जवळ ड्राय पावडरचा अग्निशामक हवाच, पेट्रोलच्या आगीवर पाणी चालत नाही. आणि एक राहिलं, शेजाऱ्यांनी एम-सील लावायला सांगितलं होतं. दाबाच्या पाइपवर ते अजिबात लावू नका.

जोडून झाल्यावर किल्ली चार-पाच वेळा ऑन-ऑफ केली, मग इंजिन चालू ठेवून जोडांवर पांढरं फडकं फिरवलं. कोरडं. दुसऱ्या दिवशी फेरी मारून आल्यावर पुन्हा बघितलं, तेव्हाही कोरडं. मेकॅनिकने मजुरी सांगितली त्यावर मी शंभर रुपये जास्त दिले. आर7 लावून तो त्याच दिवशी मोकळा होऊ शकला असता, पण त्याने योग्य पाइप येईपर्यंत गाडीला हात लावला नाही.