मराठवाड्याच्या हवेत लाकडी जहाजाचं किट: पट्ट्या, फेव्हिकॉल आणि कूलर

शिडाच्या जहाजांची बहुतेक किटं स्पेन, इटली, डेन्मार्क किंवा अमेरिकेतून येतात. त्यातली माहितीपुस्तिका तिथल्या हवेसाठी लिहिलेली असते. "पट्ट्या चिकटवून घ्या" एवढं एक वाक्य लिहून ती पुढच्या पानावर जाते. इकडे नांदेडला किंवा परभणीला तीच पट्टी श्रावणात फुगते आणि वैशाखात आकसते. पावसाळ्यात पट्ट्या अगदी घट्ट बसवलेल्या हलला, म्हणजे जहाजाच्या अंगाला, मे महिन्यात दाढीचं पातं सरकेल अशा फटी पडतात. दोष कारागिराच्या हाताचा नसतो, महिना चुकलेला असतो.

हिशेब करून बघा. मे महिन्याच्या दुपारी आपल्याकडे हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास असते. तशा हवेत पडून राहिलेल्या लाकडात चार-पाच टक्के ओलावा उरतो. ऑगस्टमध्ये आर्द्रता पंचाहत्तरच्या वर गेली की तेच लाकूड चौदा टक्क्यांपर्यंत पाणी ओढतं. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलतं: ओलाव्याच्या दर एका टक्क्यामागे साधारण पाव टक्का. म्हणजे ५ मिमी रुंदीची पट्टी मे ते ऑगस्ट या काळात ०.११ मिमीच्या आसपास वाढते. एका बाजूला वीस पट्ट्या असतील तर सव्वादोन मिमी झाले. खरं जहाज कायम पाण्यात असतं, त्याच्या फळ्या फुगूनच सांधे मिटतात. आपलं मॉडेल मात्र खोलीतल्या हवेप्रमाणे वागणार.

म्हणून कामाची वाटणी ऋतूप्रमाणे करावी. प्लायवुडचे थर एकमेकांना आडवे असतात, त्यामुळे ते फारसं हलत नाही. कील (तळाचा लांब कणा) आणि बल्कहेड (त्याच्या खाचांत बसणारे आडवे पडदे) यांचा प्लायचा सांगाडा पावसाळ्यात उभा केला तरी चालतो. पट्ट्या लावायचं काम दिवाळी ते महाशिवरात्र या काळात उरकावं, कारण तेव्हाची हवा दोन्ही टोकांच्या मधली असते. डोलकाठ्या आणि दोऱ्या उन्हाळ्यासाठी ठेवाव्यात. पट्ट्यांचं पाकीट लावायच्या आधी दोन आठवडे त्याच खोलीत सोडून आडवं पसरून ठेवा.

सांगाड्यापासून सुरू करू. इथे समोर १:६४ मापाचा दोन डोलकाठ्यांचा ब्रिग धरला आहे. कीलचा प्लाय डब्यातून काढला की आधी स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाईटच्या ओट्यावर आडवा ठेवून बघा. ओटा घरातली सगळ्यात सपाट जागा असते. मध्ये उचललेला दिसला तर आत वळलेली बाजू ओल्या फडक्याने पुसा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. ओली बाजू फुगते आणि वाक निघतो. बल्कहेड खाचेत अंगठ्याच्या दाबाने बसायला हवा. हातोडी लागत असेल तर खाच कानसने मोठी करा, नाहीतर दहा-बारा घट्ट खाचा मिळून कील वाकवतात. प्रत्येक बल्कहेड गुण्याला लावूनच चिकटवा. नाळेकडच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडच्या, पहिल्या दोन बल्कहेडच्या मधली जागा पॅकिंगच्या खोक्यातल्या पाईनच्या ठोकळ्यांनी भरून घ्या. पुस्तिकेत ते ऐच्छिक म्हटलेलं असलं तरी करा. पट्टीला सगळ्यात जास्त वळण तिथेच घ्यायचं असतं आणि टेकायला जागा नसेल तर ती तिथेच मोडते.

पुढचं काम बल्कहेडच्या कडा तिरक्या करण्याचं. लेझरने कापलेल्या कडा काळ्या पडलेल्या असतात. तो काळेपणा इथे उपयोगी पडतो. जहाजाच्या मध्याकडची काळी कड शेवटपर्यंत शाबूत ठेवायची आणि टोकाकडची कड घासत न्यायची. हात कुठे जास्त चालला ते लगेच दिसतं. १२० नंबरचा पॉलिश पेपर एखाद्या लवचिक पट्टीवर चिकटवा. पट्टी एका वेळी निदान तीन बल्कहेडवर टेकेल इतकी लांब हवी. मग एक सुटी पट्टी हाताने नाळेपासून मागपर्यंत धरून बघा. ती सगळ्या बल्कहेडना टेकली पाहिजे. मध्ये उजेड दिसला तर तिथे पातळ व्हिनिअरचा तुकडा चिकटवा, उंचवटा लागला तर घासा. सगळं जुळलं की उरलेला काळेपणाही एकदा हलकेच पुसून काढा, कारण जळक्या कडेवर फेव्हिकॉल नीट धरत नाही. या कामाला दोन संध्याकाळी गेल्या तरी त्या सत्कारणी लागतात. हलचा आकार इथेच ठरतो.

पट्ट्या लावताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाच मिमीची पट्टी आहे तशीच एकाखाली एक लावत सुटणं. हलचा घेर मध्याला जास्त असतो आणि नाळेला कमी. एक कागदाची पट्टी घ्या, डेकच्या रेषेपासून कीलपर्यंत बल्कहेडवरून फिरवा आणि माप घ्या. समजा मध्याला १०५ मिमी भरले. ५ मिमीच्या २१ पट्ट्या लागणार. नाळेला तेच माप ६३ मिमी भरलं. ६३ भागिले २१, म्हणजे प्रत्येक पट्टी नाळेकडे ३ मिमीची व्हायला हवी. निमुळती न करता लावलेल्या पट्ट्या टोकाला एकमेकींवर चढतात, कड उचलते आणि पुढे कितीही पुट्टी भरली तरी तो फुगवटा जात नाही. पट्टी मूळ रुंदीच्या निम्म्याहून बारीक मात्र करू नये. तेवढी वेळ आली तर दोन पट्ट्या संपवून तिथे एकच रुंद पट्टी बसवा. मागच्या बाजूला उलट घडतं. तिथे घेर ११५ मिमी भरला तर दहा मिमी जास्त आहेत. ते पाचराच्या आकाराच्या दोन जादा तुकड्यांनी भरायचे. पट्टी आडवी ताणून ती जागा झाकायला जाऊ नका, ताणलेली पट्टी उन्हाळ्यात सुटते.

पहिली पट्टी डेकच्या रेषेला, दुसरी कीलला लागून आणि मग मधली जागा. एक पट्टी डावीकडे लावली की तिच्या जोडीची लगेच उजवीकडे. एकाच बाजूला पाच-सहा पट्ट्या लावून ठेवल्या की वाळताना त्या सगळा सांगाडा आपल्याकडे ओढतात, आणि ती पीळ नंतर कशानेही निघत नाही.

वाकवणं म्हणजे पाणी आणि उष्णता. दीड मिमी जाडीची लिंबाच्या जातीची नव्हे, लाईमवुडची, म्हणजे लिंडनच्या लाकडाची पट्टी (नावावरून पुष्कळांचा घोटाळा होतो) पंधरा-वीस मिनिटं भिजवली की पुरते. एक इंची पीव्हीसी पाईपच्या एका टोकाला झाकण बसवा, उभा करा, पाणी भरा. अख्खी पट्टी त्यात मावते. पाणी आरओचं घ्या. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याने लाकडावर पांढरे डाग राहतात. दुसऱ्या, बाहेरच्या थराची अक्रोडाची पट्टी लोखंडी भांड्यात कधीच भिजवू नका. अक्रोडातल्या टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली की निळसर काळा डाग उठतो आणि तो आतपर्यंत जातो. ओल्या अक्रोडात टाचणी टोचून ठेवली तरी तिच्याभोवती तसंच काळं कडं दिसतं. भिजलेली पट्टी स्टीलच्या पेल्यावर धरून कपड्यांच्या इस्त्रीने हळूहळू वळवा, जागेवर चिमट्यांनी बांधा आणि रात्रभर तशीच सोडा. सकाळी काढून मगच चिकटवा. ओली पट्टी फुगलेली असते. ती तशीच चिकटवली तर दुसऱ्या दिवशी वाळून आकसते आणि शेजारच्या पट्टीपासून सुटते. फटींचं हे कारण हवेपेक्षाही जास्त वेळा सापडतं.

साध्या फेव्हिकॉलवर मे महिन्यात दोन-तीन मिनिटांत साय धरते, त्यावर पट्टी ठेवली तर ती नुसती टेकते, धरत नाही. उन्हाळ्यात काम करायचंच असेल तर सकाळी नऊच्या आत, आणि एका वेळी दोनच बल्कहेडना लावून. फेविक्विकचं उलट आहे. ते हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, म्हणून कोरड्या उन्हाळ्यात रेंगाळतं आणि पावसाळ्यात झटकन धरतं, पण आजूबाजूला पांढरी भुकटी सोडतं. दुसऱ्या, बाहेरच्या थरावर ते शक्यतो वापरूच नका. अक्रोडावर त्याचा थेंब सांडला तर तिथे पॉलिश शिरत नाही आणि डाग कायमचा राहतो.

आणि कूलर. दुपारभर कूलर चालला की खोली दमट, रात्री बंद केला की कोरडी. एका दिवसात लाकडाला दोन ऋतू भोगावे लागतात. कूलर असलेल्या खोलीत हल ठेवायचाच असेल तर काम थांबलं की झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात बंद करा आणि झोताच्या समोर कधीही ठेवू नका.

किटमधल्या पट्ट्या कमी पडल्या तर सुताराकडून सागवानाच्या कापून आणायचा मोह होतो. सागवान खऱ्या जहाजाचं उत्तम लाकूड. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ मध्ये बांधलेलं ट्रिंकोमाली हे सागवानी जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगतं आहे. पण १:६४ मापात त्याची छिद्रं दोरखंडाएवढी दिसतात आणि त्यातलं तेल गोंद धरू देत नाही.

डेकचं काम सोपं. खऱ्या फळ्या वीस ते चोवीस फुटांच्या, म्हणजे आपल्या मापात ९५ ते ११४ मिमी. प्रत्येक पट्टीच्या एकाच लांब कडेला टूबी पेन्सिल फिरवा, फळ्यांच्या सांध्यातल्या डांबराची रेघ तयार होते. दोन्ही कडांना फिरवली तर रेघ जाड होते.

डोलकाठ्यांचे दांडे ओट्यावर लोळवून निवडा; डुगडुगतो तो बाजूला. निमुळता करताना आधी चौकोन, मग आठ कोन, मग सोळा, आणि शेवटी गोल. बारीक कानस आणि अर्ध्या मिमीची ड्रिलची टोकं सराफ्यात सोनारांच्या सामानाच्या दुकानात मिळतात. छत्रपती संभाजीनगरचा सराफा असो की लातूरची गंजगोलाई, हार्डवेअरच्या दुकानात फिरण्याआधी तिथे विचारा. डोलकाठ्यांचा विषय निघालाच आहे तर अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातलं तीन डोलकाठ्यांचं जहाज नीट पाहून या. उंच, अरुंद शिडं आणि मागे सुकाणूची वल्ही. त्याच चित्रावरून दोरीने शिवलेलं कौंडिण्य हे जहाज २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं.

डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या जाड दोऱ्या, म्हणजे श्राउड, पहिली जोडी उजवीकडे, दुसरी डावीकडे अशा आलटून पालटून बांधायच्या. त्यांच्या खालच्या टोकाच्या तीन भोकांच्या लाकडी चकत्या एका रांगेत यायला हव्यात. त्यासाठी कागदाची पिन सरळ करून तिची दोन टोकं वाकवा. एक टोक वरच्या चकतीच्या भोकात, एक खालच्या. प्रत्येक वेळी अंतर तेवढंच येतं. दोरा पॉलिएस्टरचा घ्या. सुती दोरा पावसाळ्यात आखडतो आणि डोलकाठी ओढतो. बांधायच्या आधी मधमाशीच्या मेणावरून दोनदा ओढून काढा, लव बसते. या दोऱ्यांना डांबर असायचं म्हणून त्या काळपट; शिडं ओढण्याच्या दोऱ्या फिक्या.

श्राउडवरच्या शिडीच्या पायऱ्या खऱ्या जहाजात तेरा ते पंधरा इंचांवर, म्हणजे इथे ५ ते ६ मिमीवर. मागे रेघा मारलेला कागद लावा. आधी दर सहावी पायरी बांधा, मग मधल्या भरा. खालून वर सलग बांधत गेलं की प्रत्येक गाठीचा थोडा थोडा ताण साठतो आणि श्राउड कमरेत आवळल्यासारखे दिसतात. पातळ फेव्हिकॉलचा थेंब गाठीवर सुईच्या टोकाने ठेवा, जादा शेपूट दुसऱ्या दिवशी कापा.

काचपेटी तीन मिमी ॲक्रिलिकची पुरते. खालच्या पाटाला मागच्या बाजूने चार-पाच छोटी भोकं पाडा आणि त्यांना आतून मलमल चिकटवा, म्हणजे हवा खेळते आणि धूळ अडते. पश्चिमेच्या खिडकीसमोर ती पेटी ठेवू नका. बंद काचेत दुपारचं ऊन आलं की आतलं लाकूड बाहेरच्या मे महिन्यापेक्षाही जास्त तापतं.