ड्रायर फिरतो, पण गरम होत नाही: माझा अनुभव

साताऱ्यात जून लागला की यवतेश्वराच्या डोंगरावरून ढग खाली उतरतात आणि अजिंक्यतारा अधूनमधूनच दिसतो. कास-बामणोलीकडे पडतो तेवढा पाऊस शहरात पडत नाही, पण हवा सतत ओली. दोरीवरचे कपडे वाळले म्हणावेत तर शिवणीत ओल असते आणि कुबट वास काही जात नाही. एरवी आपण ते चालवून घेतो. आमच्याकडे चालण्यासारखं नव्हतं. माझे सासरे, नाना, पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळलेले आहेत. रोज चादरी, टॉवेल, पंचे धुवावे लागतात आणि ते खरोखर कोरडे लागतात. ओलसर चादरीवर पडून राहिलं की कातडी मऊ पडते, घासली जाते, आणि पाठीला जखमा व्हायला वेळ लागत नाही. म्हणून आम्ही ड्रायर घेतला होता, आणि म्हणूनच तो बिघडल्यावर त्याचा छडा लावल्याशिवाय मला चैन पडलं नाही.

आमचा ड्रायर साधा, हवा बाहेर टाकणारा. खोलीतली हवा आत ओढतो, २००० वॅटच्या कॉइलवर तापवतो, फिरत्या ड्रममधल्या कपड्यांतून सोडतो आणि ओल घेतलेली ती हवा मागच्या चार इंची पाइपातून भिंतीबाहेर ढकलतो. त्रास एकदम आला नाही. आधी तासाभरात होणाऱ्या चादरींना दीड तास लागू लागला, मग दोन. कपडे बाहेर काढताना हाताला चटका बसेल इतके गरम, तरी आतून दमट. खोलीच्या खिडकीच्या काचेवर पाणी जमायचं. आणि एके दिवशी ड्रम फिरतोय, पंख्याचा आवाज येतोय, पण कपडे थंडगार.

कंपनीचा माणूस यायला वेळ लागणार होता. तोवर नानांच्या चादरी इस्त्रीने आणि पंख्याखाली वाळवल्या. माझी आई आमच्या लहानपणी दुपटी वाळवायला शेगडीवर बुरुडाची टोपली पालथी घालायची, तेही आठवलं. पण आता निखारे आणायचे कुठून! मग आमच्याकडे फ्रिज-वॉशिंग मशीन दुरुस्त करणारे एक दादा येतात, त्यांना बोलावलं.

ते येईपर्यंत हवेची वाट मी स्वतः तपासली. ती कुणालाही तपासता येते. ड्रायरच्या दारातला, कपड्यांची लव अडवणारा फिल्टर मी प्रत्येक वेळी साफ करतेच. त्यावर नळाखाली थोडं पाणी ओतून पाहिलं तर ते जाळीतून खाली न जाता वरच साचलं. फॅब्रिक सॉफ्टनरचा बारीक थर जाळीवर बसतो. तो डोळ्यांना दिसत नाही आणि नुसती लव काढून जात नाही. जुना टूथब्रश आणि भांड्यांचा साबण लावून घासल्यावर पाणी सरळ खाली गेलं. मग ड्रायर चालू करून घराबाहेर गेले आणि भोकासमोर हात धरला. झुळूकसुद्धा नव्हती. आत येऊन मागचा पाइप काढला आणि थोडा वेळ तसाच चालवला, तर मागून भरभरून वारा. म्हणजे पंखा ठणठणीत होता. पुढे कुठेतरी हवा अडत होती.

अडत होती ती बाहेरच्या जाळीत. भोक पाडताना गवंड्याने उंदीर-पाली येऊ नयेत म्हणून बारीक जाळी सिमेंटमध्ये बसवून दिली होती. तिच्यावर कपड्यांची लव बसत गेली, पावसाने भिजली आणि तिचा जाड नमद्यासारखा थर झाला. पाइपही घडीचा, चंदेरी फॉइलचा. मशीन भिंतीला सरकवल्यामुळे तो मागे दबला होता आणि त्याच्या घड्यांत ओली लव भरली होती. जाळी काढून तिथे हवेच्या जोराने उघडणारी आणि बंद केल्यावर आपोआप मिटणारी झडप बसवून घेतली. फॉइलचा पाइप टाकून आतून गुळगुळीत पत्र्याचा, जेमतेम एका वळणाचा पाइप घातला.

एवढं होऊनही उष्णता आली नाही, आणि ते समजून घेणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दादांनी प्लग काढून मागचा पत्रा उघडला. मल्टीमीटरने कॉइल मोजली, २६ ओहमच्या आसपास. २३० व्होल्टवर २००० वॅटच्या कॉइलचा हिशोब तेवढाच येतो. म्हणजे कॉइल शाबूत. कॉइलच्या खोक्यावर दोन छोटे भाग असतात. एक थर्मोस्टॅट, तापलं की बंद आणि निवलं की पुन्हा चालू होणारा. दुसरा थर्मल फ्यूज, एकदाच उडणारा. आमचा फ्यूज उडाला होता. हवा बाहेर जाईना, उष्णता कॉइलपाशीच कोंडली, थर्मोस्टॅट सारखा चालू-बंद होत राहिला आणि शेवटी फ्यूजने वीज तोडली. त्याने नेमकं त्याचं काम केलं होतं.

दादा म्हणाले, ‘‘वहिनी, हा भाग आज मिळायचा नाही. तोपर्यंत फ्यूज वगळून तारा डायरेक्ट मारून देतो, चादरी तरी वाळतील.’’ त्यांचा हेतू चांगला होता. नानांची अडचण त्यांना दिसत होती. पण मी नको म्हटलं. ड्रायरच्या आत कोरडी लव असते, तिला ठिणगी पुरते, आणि शेजारच्याच खोलीत एक माणूस असा आहे ज्याला उठून दाराबाहेर पळता येत नाही. फ्यूज डायरेक्ट केलेला ड्रायर मी त्या घरात चालवू शकत नाही. त्यांना ते पटलं. जुन्या फ्यूजवर छापलेलं तापमान आणि अँपिअर लिहून घेऊन तस्साच फ्यूज त्यांनी पुण्याहून मागवला. नुसता आकार जुळून भागत नाही, हे आकडे जुळावे लागतात. पत्रा उघडाच होता, म्हणून ड्रमच्या खालची आणि मोटरभोवतीची लवही ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनरने काढली. फिल्टर रोज साफ केला तरी तिथे बरीच साठते.

फ्यूज बसला, चादरी पुन्हा तासाभरात वाळू लागल्या. संध्याकाळी मात्र वेळ जास्त लागायचा. दादांनी सॉकेटवर व्होल्टेज पाहिलं तर १९५. कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते, त्यामुळे २००० वॅटची कॉइल तेव्हा जेमतेम १४४० वॅट देते. आता ड्रायर दुपारी लावते. तीन पिनचा प्लगही तपासला, कारण नुसती कॉइलच जवळजवळ पावणेनऊ अँपिअर ओढते. ढिल्या सॉकेटमध्ये पिना तापून काळ्या पडतात. एक्स्टेंशन बोर्डवर ड्रायर लावूच नये. त्याला १६ अँपिअरचं स्वतंत्र सॉकेट हवं.

ऑटोमॅटिक प्रोग्रॅम कपडे ओले असतानाच थांबायला लागला तर ड्रमच्या आत दोन धातूच्या पट्ट्या असतात, त्या पाहाव्यात. कपड्यातली ओल त्यांना विजेवरून कळते. सॉफ्टनरचा थर त्यांच्यावर बसला की ओल्या कपड्यालाही त्या कोरडा समजतात. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या फडक्याने पुसल्या की झालं.

रुग्णाच्या घरात ज्या दोन गोष्टी हमखास असतात, त्यांबद्दल मात्र कळकळीने सांगते. पहिली, रबरी मेणकापड. ते ड्रायरमध्ये कधीच घालू नका. वितळतं आणि पेटूही शकतं. दुसरी, मालिशच्या तेलाचे टॉवेल. नानांना आम्ही तिळाचं तेल लावतो. तेल मुरलेलं कापड गरम असताना घडी घालून ठेवलं तर हवेशी संयोग होऊन आतल्या आत तापत जातं आणि ड्रायर बंद झाल्यानंतरही पेट घेऊ शकतं. असे टॉवेल आधी कडक गरम पाण्यात साबणाने दोनदा धुते. तरीही तेलाचा वास आला तर ते दोरीवरच. प्रोग्रॅमच्या शेवटी थंड हवेची काही मिनिटं असतात, तीही मध्येच तोडत नाही.

चादर एकटी टाकली की तिचा बोळा होतो आणि मधला भाग ओला राहतो. तिच्याबरोबर दोन टॉवेल टाकते आणि मध्ये एकदा झटकून पुन्हा घालते. वॉशिंग मशीनमध्ये मिनिटाला १२०० फेऱ्यांचं स्पिन लावल्यापासून वेळ आणखी वाचतो, कारण पाणी पिळून काढायला लागणारी वीज ते वाफ करून घालवायच्या मानाने अगदीच थोडी.

फिल्टर रोज, साबणाने महिन्यातून एकदा, पाइप आणि झडप पावसाळ्यात दर महिन्याला, मागचा पत्रा मेमध्ये दादांकडून, असं आता ठरलेलं आहे. सध्या ड्रम फिरताना लयीत धप्-धप् येतं. दादा म्हणतात, ड्रमखालचा एक रोलर झिजलाय, तो पुढच्या वेळी ड्रम फिरवणाऱ्या पट्ट्यासकट बदलू.