ताप मला, काळजी मनीची

साखर पेठेतल्या आमच्या घरी सध्या आई आणि मी तापानं फणफणलोय, आणि मनीला मात्र माझ्याच चादरीत शिरायचंय. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, माणसाचा आजार मांजराला कुठं होतोय?"

होतो, काकू. साधी सर्दी सहसा नाही. पण २००९च्या स्वाइन फ्लूत घरातल्या मांजरांना माणसांकडून लागण झाली होती, काही दगावलीही. २०२१ मध्ये हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयात ८ सिंहांना कोरोना झाला. गजकर्णही माणसाकडून मांजराला होतं.

म्हणून मनीचा दूधभात सध्या धाकटा भाऊ बघतो. ती दाराबाहेर ओरडते तेव्हा जीव तुटतो, पण दार उघडत नाही.

एक मात्र कळकळीनं सांगते: मांजर मलूल दिसलं म्हणून आपली पॅरासिटामॉल चुरून देऊ नका. मांजराच्या यकृताला ती झेपत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी खराब होतात, हिरड्या तपकिरी पडतात, एका गोळीनंही जीव जाऊ शकतो. सरळ पशुवैद्यांकडे न्या, आणि घरात कोण आजारी आहे तेही त्यांना सांगा.