फोर्ट पियर्स ते सॉलोमन्स : ३१ फुटी बर्ट्रॅम घरी आणताना

बर्ट्रॅम ३१ ही जुनी अमेरिकन मोटरबोट सहा वर्षं शोधत होतो. मेरीलँडमध्ये त्या विकायला निघत नाहीत असं नाही, पण ज्या पाहिल्या त्यांची एकतर इंजिनं उचकटून ठेवलेली होती, नाहीतर मूळ बांधणी ओळखू येऊ नये इतक्या त्या बदललेल्या होत्या. शेवटी फ्लोरिडात फोर्ट पियर्सजवळ १९७३ची, दोन पेट्रोल इंजिनांची एक सापडली. एप्रिलमध्ये मेहुण्याला घेऊन गेलो आणि अकरा दिवसांत तिला पाण्यातूनच मेरीलँडमध्ये, सॉलोमन्सला आणली. याच वाटेने कुणी जाणार असेल तर त्याच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहितो आहे.

हीच बोट का, असं घरात सगळ्यांनी विचारलं. उत्तर तिच्या तळात आहे. बोटींचे आराखडे करणारे रे हंट यांनी आखलेला खोल व्ही आकाराचा तळ मागच्या टोकापर्यंत २४ अंशांचा उतार सोडत नाही. त्या तळाची 'मॉपी' १९६० साली खवळलेल्या समुद्रात मायामी-नासाऊ शर्यत जिंकली, आणि तिच्यावरून डिक बर्ट्रॅम यांनी ३१ फुटी फायबरग्लास बोट काढली. समोरून येणारी लाट ती आपटून घेत नाही, चिरत जाते. त्याची किंमतही आहे : तुषार अंगावर येतात, आणि इंजिन बंद करून मासे धरत बसलात तर बोट भरपूर डुलते. घेण्याआधी एक दिवस तरी लाटांमध्ये नुसते तरंगत बसून बघा.

सर्व्हे, म्हणजे बोटीची तज्ज्ञाकडून तपासणी, आपल्या माणसाकडूनच करून घ्या, विकणाऱ्याने सुचवलेल्या नको. आमच्या सर्व्हेअरने बोट पाण्याबाहेर काढायला लावली आणि प्लास्टिकच्या डोक्याची छोटी हातोडी घेऊन अख्खा तळ ठोकून काढला. सगळीकडे टणटणीत आवाज. तो डेकवर चढला, आणि पुढच्या खिडकीखाली आवाज एकदम बसला. भद्द. आतलं लाकूड कुजलेलं. या बोटींचा तळ भरीव फायबरग्लासचा असतो, पण डेकच्या दोन थरांमध्ये लाकूड असतं. रेलिंगच्या स्क्रूंमधून वर्षानुवर्षं पाणी झिरपलं की ते जातं. डेक दुरुस्त करता येतो, त्यामुळे तेवढे पैसे किमतीतून कमी करून घेतले.

खरी भीती टाकीची होती. त्या काळच्या बऱ्याच बोटींत पेट्रोलची टाकीही फायबरग्लासची असे. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या फायबरग्लासमधलं रेझिन विरघळवतं. ते पेट्रोलबरोबर फिल्टरमधून आरपार जातं आणि इनटेक व्हॉल्व्हवर काळा डांबरासारखा थर धरतं. शेवटी व्हॉल्व्ह अडकतात. विकणारे आजोबा म्हणाले, इथेनॉलचा थेंबही टाकीत गेलेला नाही. माणूस सच्चा वाटला, तरी मी दोन्ही कार्ब्युरेटरवरची जाळी काढली, आत टॉर्च मारली आणि हाताचं बोट फिरवून पाहिलं. बोटाला साधी तपकिरी काजळी लागली, चिकट काही नाही. तेव्हा कुठे आगाऊ रक्कम दिली. ही पाच मिनिटांची तपासणी कुणीही करू शकतो.

पाण्यातल्या चाचणीत दोन्ही इंजिनं काही मिनिटं पूर्ण वेगाने पळवा, तापमानाचे काटे बघा आणि ऑइलचे नमुने तपासायला पाठवा. एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड आणि रायझर (इंजिनाचा धूर बाहेर नेणारे भाग) कधी बदलले हे कागदावर दाखवता आलं नाही, तर ते बदलायचेच आहेत असं धरून हिशोब करा. कागदपत्रांत मागच्या उजव्या कोपऱ्यावरचा बारा अक्षरांचा हल क्रमांक, म्हणजे बोटीच्या सांगाड्याचा ओळख क्रमांक, (नोव्हेंबर १९७२ पासूनच्या बोटींना तो असतो) बिलावरच्या क्रमांकाशी ताडून घ्या. बोट कोस्ट गार्डकडे नोंदलेली असेल तर तिच्या मालकीचा उतारा मागवा. कर्जाचा बोजा त्यात दिसतो.

ट्रकचा विचार आम्हीही केला होता. पण बोटीची रुंदी अकरा फुटांवर आणि रस्त्यावर विनापरवाना साडेआठ फूटच चालतात. प्रत्येक राज्याचा वेगळा परवाना, वर फ्लायब्रिज (छतावरची चालकाची जागा) उतरवण्याचा खर्च. शिवाय पाण्यातून आणली की बोट कळते.

इंट्राकोस्टल वॉटरवे म्हणजे किनाऱ्याच्या आतून जाणारा जलमार्ग. त्याचे मैल व्हर्जिनियातल्या नॉरफोकपासून मोजतात. फोर्ट पियर्स साधारण ९६५व्या मैलावर येतं. फ्लोरिडातले दिवस संथ जातात. मॅनटींसाठी (समुद्री गायींसाठी) ठेवलेले मंदगती पट्टे संपता संपत नाहीत. तिथे घाई करू नका : दंड होतो, आणि तुमच्या लाटेने कुणाचं नुकसान झालं तर ते तुम्हालाच भरून द्यावं लागतं. आउटरिगर (मासेमारीच्या लांब काठ्या) आणि अँटेना खाली घेतल्या की आमची बोट बहुतेक पुलांखालून तशीच जायची. पूल उघडायला सांगायचाच असेल तर फ्लोरिडात रेडिओचा ९ नंबरचा चॅनेल, व्हर्जिनियात १३. उत्तरेला जाताना वाट दाखवणाऱ्या लाल खुणा डावीकडे राहतात, पण समुद्रमुखांपाशी रंग उलटे होतात आणि भलेभले वाळूत रुततात. अशा ठिकाणी खुणेवरची छोटी पिवळी चिन्हं पाहा : पिवळा त्रिकोण डाव्या हाताला, पिवळा चौकोन उजव्या.

जॉर्जियात भरती-ओहोटीचा फरक सात ते नऊ फूट. जेकिल क्रीक, लिटल मड रिव्हर, हेल गेट ही ठिकाणं अर्धी भरती झाल्यावर, पाणी चढतं असतानाच ओलांडा. टेकलात तरी तेच पाणी तुम्हाला उचलेल.

सेंट अँड्र्यू साउंडमध्ये (साउंड म्हणजे समुद्राला जोडलेली रुंद खाडी) वॉटरवे जवळजवळ उघड्या समुद्राला भिडतो. आम्ही पोचलो तेव्हा पाणी बाहेर ओढत होतं आणि पुरवाई समोरून. लाटा आखूड आणि उभ्या. तळाने आपलं काम चोख केलं. पण टाकी इतकी घुसळली कधी नव्हती.

"भाऊजी, उजवं इंजिन गुदमरतंय," मेहुणा खालून ओरडला. मिनिटाला फेऱ्यांचा आकडा २८०० वरून १९०० वर आला, मग इंजिन बंदच पडलं.

फिल्टर बदलायला तो इंजिनाच्या पेटीचं झाकण उघडत होता. मी थांबवलं. तापलेलं इंजिन, डुलती बोट आणि हातात उघडं पेट्रोल हे एकत्र येऊ द्यायचं नाही. टाकी एकच, म्हणजे डावा फिल्टरही भरत असणार. म्हणून डावं इंजिन १२०० वर ठेवलं, नांगर मोकळा करून तयार ठेवला आणि तासाभराने जेकिल क्रीकमध्ये शिरलो. त्या तासात मी आकड्यावरची नजर काढली नाही. धक्क्याला लागून इंजिन गार झाल्यावर उजव्या फिल्टरमधलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतलं. खाली दोन बोटं पाणी बसलं, त्यावर चहाच्या गाळासारखा तपकिरी थर. डाव्यात त्याच्या निम्मा. नवे फिल्टर बसवले, सांडलेलं पुसलं, चार मिनिटं ब्लोअर (पेट्रोलची वाफ बाहेर काढणारा पंखा) चालवून वास घेतला आणि मगच किल्ली फिरवली.

मी सहा फिल्टर नेले होते, नॉरफोकपर्यंत पाच लागले. तुम्ही बारा न्या. त्याहून बरं म्हणजे निघण्याआधी टाकीच्या तळातलं पेट्रोल उपसून ते पाहा. ते मी केलं नाही आणि करायला हवं होतं. इंपेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी चाक), पट्टे आणि शाफ्टच्या पॅकिंगचं सामानही जवळ हवं.

साउथ कॅरोलायनात वॅकमॉ नदीचा सायप्रसच्या जंगलातला टप्पा सकाळी सात नॉटने केला. एवढी शांत वाट मी दुसरी पाहिलेली नाही. त्यानंतर मर्टल बीचजवळ कातळात खोदलेला रॉक पाइल येतो. तिथे मधोमध राहा आणि समोरून बार्ज येत नाही ना, हे रेडिओवर आधी विचारून घ्या. नॉर्थ कॅरोलायनात कँप लेजून या लष्करी तळाचा गोळीबार चालू असेल तर वाट बंद असते. अल्बेमार्ल साउंड उथळ आहे, थोड्या वाऱ्यानेही पाणी खवळतं. आम्ही एक दिवस अ‍ॅलिगेटर नदीत थांबलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तासाभरात पार झालो. ग्रेट ब्रिजच्या लॉकमध्ये (पाण्याची पातळी बदलणाऱ्या दारांच्या कोठीत) पाणी थोडंच चढतं-उतरतं, तरी दोऱ्या हातात ठेवा, बांधून टाकू नका. नॉरफोकला नौदलाच्या जहाजांपासून ५०० यार्डांच्या आत किमान वेग ठेवायचा आणि १०० यार्डांच्या आत जायचंच नाही.

आमच्या वहीप्रमाणे १८ नॉटला ताशी २४ गॅलन पेट्रोल गेलं, ७ नॉटला सहाच्या आत. टाकी एक तृतीयांशावर यायच्या आत भरत राहा, आणि पंपावर इथेनॉल नसलेलं पेट्रोल आहे ना हे फोन करून विचारल्याशिवाय तिकडे वळू नका.

विम्याची तारीखही पाहून ठेवा. १ जूनला चक्रीवादळांचा हंगाम सुरू होतो आणि बऱ्याच पॉलिसी त्याआधी बोट उत्तरेला पोचलेली मागतात.

सॉलोमन्सला आल्यावर दोन आठवड्यांनी कॉकपिटचा (मागच्या उघड्या भागाचा) डेक कापून टाकी बाहेर काढली. तिच्या तळाशी बोटभर गाळ होता, तिच्या खाली बोटीचा पांढरा तळ कोरडा ठणठणीत. मेहुणा स्क्रू-ड्रायव्हरची मूठ घेऊन खाली उतरला आणि त्याने तो या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकून काढला. नवी अ‍ॅल्युमिनियमची टाकी पुढच्या महिन्यात येते आहे.